गावचा बांध आणि खाडीचा पूर

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला पांडेसरा नावाची वस्ती आहे. एके काळी हे शेतीचे साधे गाव होते. आज तेथे कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत, यंत्रमाग आहेत, आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या कामगारांच्या चाळी आहेत. या चाळींतून ओडिया, हिंदी आणि गुजराती यांच्या जोडीला अहिराणी व मराठीही कानी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली आणि पांडेसरा या भागांत पिढ्यान् पिढ्या स्थायिक झाली आहेत. भुसावळ-सुरत लोहमार्गाने ही माणसे येथे आली. तो मार्ग तापीच्या खोऱ्यातून येतो. म्हणजे ज्या वाटेने खानदेशचे पाणी सुरतेस येते, जवळजवळ त्याच वाटेने खानदेशचा माणूसही सुरतेस आला, असे म्हणावयास हरकत नाही.

या माणसाला पुराची भीती दोन ठिकाणी वाटते. एक, गावाकडे. तेथे ज्येष्ठ-आषाढात एखाद्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस होतो, कोरडा नाला दोन घटकांत दुथडी भरून वाहतो आणि काठच्या शेताची माती खरवडून नेतो. दुसरी, पांडेसऱ्यात. तेथे उंबऱ्याशी पाणी येते आणि मीटरभर उंचीवर मांडलेला संसार वाचला तर वाचला. दोन्ही ठिकाणी त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो : एवढे पाणी वरच कोठेतरी का अडवले नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी कोणते पाणी, कोणाच्या वर, आणि कशाने अडवावयाचे, हे नीट पाहिले पाहिजे.

सुरतेला पूर दोन प्रकारचे येतात. पहिला तापीचा. मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर आहे आणि त्यातील बहुतेक भाग महाराष्ट्रात येतो. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा या साऱ्या नद्या आपले पाणी तापीच्या ओंजळीत घालतात. हे पाणी सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात थांबते. उकाईचा विस्तार अवाढव्य आहे, पण तेही बहुतांशी मातीचेच धरण होय. त्याच्या जवळजवळ पाच किलोमीटर लांबीपैकी चार किलोमीटरांहून अधिक भाग मातीचा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये जलाशय बराच भरलेला असताना वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. धरणातून सेकंदाला सुमारे नऊ लाख घनफूट पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या दिवसांच्या आठवणी शहरात अजून ताज्या आहेत.

दुसरा पूर तापीचा नव्हेच. त्याला सुरतेत खाडीपूर म्हणतात. शहराच्या पूर्वेस व दक्षिणेस मिठी, भेदवाड, कांकरा अशा नावांच्या खाड्या आहेत. कोकणातील माणसाला खाडी म्हटले की समुद्राचा आत शिरलेला फाटा डोळ्यांपुढे येतो. सुरतेत मात्र शेतांतून व वस्त्यांतून वाहत येणाऱ्या ओढ्यालाही खाडीच म्हणतात. कामरेज, बारडोली, पलसाणा या तालुक्यांच्या शेतांवर पडलेला पाऊस या ओढ्यांतून शहराच्या सखल भागात उतरतो. पुढे समुद्राला भरती असली म्हणजे त्याला लवकर वाट मिळत नाही. मग उकाईचे एकही दार उघडलेले नसताना लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या बाजूच्या वस्त्यांत पाणी चढते. जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये असाच खाडीपूर आला होता.

हे दोन पूर वेगळे ओळखल्यावाचून लहान मातीच्या धरणाचा विचार करताच येत नाही. कारण लहान बांधाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एका साध्या हिशेबात सामावलेली आहेत.

एका चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर पाणी होते. एखाद्या गावच्या नाल्याचे पाणलोट पाच चौरस किलोमीटर आहे असे समजू या. एका रात्री तेथे १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर पाच लाख घनमीटर पाणी पडले. त्यातील निम्मे जमिनीत मुरले वा खाचखळग्यांत साठले आणि निम्मे नाल्यास मिळाले, असे धरले तरी अडीच लाख घनमीटर पाणी वाहावयास निघते. हे पाणी तीन तासांत वाहून गेले तर नाल्यातून सेकंदाला सरासरी तेवीस घनमीटर पाणी धावते. काठावरची विहीर बुजवावयास, बांध फोडावयास आणि गोठ्यातले गुरू दावणीसकट ओढून न्यावयास एवढे पाणी पुरेसे आहे. आता याच नाल्यावर वरच्या अंगाला मातीचा बांध आहे, त्याच्या पोटात अडीच लाख घनमीटरांची रिकामी जागा आहे आणि पाणी हळूहळू सोडणारी एक नळी आहे असे समजा. तेच पाणी तीन तासांऐवजी दोन दिवसांत खाली गेले तर सेकंदाला दीड घनमीटराहूनही कमी भरते. पाऊस तेवढाच, पाणीही तेवढेच. परंतु जे पाणी गावावर धावून आले असते, ते आता पायरी पायरीने उतरते. लहान धरणाचे पूरनियंत्रण ते एवढेच, आणि गावापुरते पाहिले तर ते थोडे नव्हे.

हाच हिशेब दुसऱ्या टोकाने मांडला म्हणजे मर्यादाही ध्यानात येते. २००६ साली उकाईतून सुटलेले नऊ लाख घनफूट पाणी म्हणजे सेकंदाला सुमारे पंचवीस हजार घनमीटर होय. गावच्या नाल्याचे ते तेवीस घनमीटर त्याच्या हजाराव्या भागाहूनही थोडे कमी भरतात. तेव्हा शिरपूर वा साक्री तालुक्यातील एखाद्या बांधाने सुरतेचा महापूर थांबेल, असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. लहान धरण आपल्या पायाशी असलेल्या दोन-चार गावांचे रक्षण करते. जसजसे खाली जावे तसतसे दुसरे नाले, दुसऱ्या नद्या येऊन मिळतात आणि त्याचा प्रभाव पुसट होत जातो. महानदीचे काम महाधरणाचे आणि ओढ्याचे काम बांधाचे. एकाने दुसऱ्याचे काम करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. खाडीपूर मात्र ओढ्यांचाच पूर आहे. त्याचे पाणलोट लहान, त्याची धाव थोड्या तासांची. म्हणून उकाईच्या दाराकडे पाहून त्याचा उपाय सापडणार नाही. तो त्या खाड्यांच्या उगमाकडच्या शेतांतच शोधला पाहिजे.

येथे एक मोठी अडचण उभी राहते, आणि ती स्थापत्यशास्त्राइतकीच माणसाच्या मनातली आहे. वरच्या हिशेबात ‘रिकामी जागा’ असे शब्द आले. पूर अडवणाऱ्या धरणाचे सारे मोल त्या रिकाम्या जागेत आहे. परंतु खानदेशातील शेतकऱ्याला रिकामे धरण पाहवत नाही. ज्याने दुष्काळ पाहिला आहे, त्याला श्रावणात काठोकाठ भरलेला तलाव पाहून जे समाधान होते ते शब्दांत सांगता यावयाचे नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी हातांनी पाझर तलाव व नालाबांध घातले. पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने अशा कामांना कायमचा आधार मिळाला. ती कामे पाणी धरून ठेवण्यासाठी, विहिरींचे झरे जिवंत राहावेत यासाठी होती. पूर अडवणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. पहिल्या पावसात अशा तलावाने पूर अडवला असे दिसते खरे; कारण तेव्हा तो रिकामा असतो. भाद्रपदात तो भरलेला असताना तोच पाऊस पुन्हा आला, तर आले तेवढे सारे पाणी सांडव्यावरून खाली जाते. भरलेले धरण पुरापुढे जवळजवळ नसल्यासारखेच असते.

मग पाणी साठवावे की पूर अडवावा? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील शेतकऱ्यांनी व अभियंत्यांनी मिळून शोधले. ओक्लाहोमा राज्यातील वाशिटा नदीच्या खोऱ्यात धूप आणि पूर यांनी शेतीची दैना झाली होती. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यान्वये तेथे उपनद्यांच्या व ओढ्यांच्या माथ्यावर लहान मातीची धरणे बांधण्याचा उपक्रम सुरू झाला आणि त्यातील पहिले धरण १९४८ साली कॉर्डेल गावाजवळ पूर्ण झाले. १९५४ च्या कायद्याने ही योजना देशभर गेली आणि पुढे अशी अकरा हजारांहून अधिक धरणे झाली. त्यांची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. धरणाच्या पोटाचे दोन मजले कल्पिले जातात. खालच्या मजल्यात गाळ बसावा व थोडे पाणी राहावे. वरचा मजला नेहमी मोकळा असावा. दोहोंच्या सीमेवर एका उभ्या नळाचे तोंड असते. पाणी त्या पातळीवर चढले की ते कोणी दार न उघडताच नळात उतरते आणि धरणाखालून बाहेर पडते. काही दिवसांत वरचा मजला पुन्हा रिकामा होतो. त्याहूनही मोठा पूर आला तर बाजूला कठीण जमिनीतून काढलेला, गवताने मढवलेला रुंद सांडवा तयार असतो. रात्री दोन वाजता पाऊस आला तर चौकीदार जागा असेल की नाही, या प्रश्नावर गावाचे प्राण टांगून ठेवलेले नाहीत, हा त्या रचनेतील शहाणपणा आहे.

याच अनुभवाने दुसराही एक धडा दिला. त्या धरणांपैकी पुष्कळांचे आयुष्य पन्नास वर्षे धरले होते. पन्नास वर्षे सरत आली तेव्हा असे दिसले की, अनेक ठिकाणी धरणाखाली पूर्वी जेथे केवळ शेते होती तेथे घरे उभी राहिली आहेत. धरणामुळे पूर येईनासा झाला, म्हणून जमीन निर्धोक वाटू लागली. निर्धोक वाटली म्हणून माणसे राहावयास आली. आणि माणसे आली म्हणून तेच धरण पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे झाले. अखेर २००० साली जुन्या धरणांच्या दुरुस्तीसाठी निराळी कायदेशीर तरतूद करावी लागली. पांडेसऱ्यासारख्या वस्तीला हा धडा परका वाटू नये. शेत बुडाले तर हंगाम जातो, वस्ती बुडाली तर प्राण जातात.

आता खुद्द बांधाच्या शरीराकडे वळू. मातीचे धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. त्याच्या मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण असते, ते गाभ्याला धरून ठेवते आणि उन्हाने भेगाळू देत नाही. गाभ्याखाली कठीण थरापर्यंत चर खणून तीही चिकण मातीने ठासून भरावी लागते. नाहीतर पाणी धरणातून न जाता धरणाखालून जाते. माती थराथराने पसरावी, योग्य तेवढी ओल द्यावी, आणि प्रत्येक थर नीट दाबल्यावरच दुसरा टाकावा. पाण्याच्या बाजूला दगडांचे पिचिंग असावे, म्हणजे लाटांनी उतार खचत नाही. खालच्या अंगाला झिरपणारे पाणी माती न आणता निथळून जाईल अशी दगडगोट्यांची सोय असावी. थोडा पाझर हा मातीच्या धरणाचा स्वभावच आहे. पाझर स्वच्छ आहे तोवर काळजीचे कारण थोडे. तो गढूळ झाला की धरणाच्या पोटातील माती वाहू लागली असे समजावे.

मातीच्या धरणाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी बंधाऱ्यावरून पाणी ओसंडले तर बंधारा बहुधा टिकतो. मातीच्या धरणावरून ते वाहिले तर थोड्या वेळात खिंडार पडते. म्हणून सांडवा हा अशा धरणाचा प्राण आहे. सांडव्याच्या तोंडाशी उगवलेली बाभळीची झुडपे, कोणीतरी रचून ठेवलेले दगड, थोडे अधिक पाणी साठावे म्हणून भर घालून उंचावलेला त्याचा उंबरठा, या गोष्टी दिसावयास किरकोळ. पण प्रत्येक वेळी त्या पुराचे पाणी धरणाच्या माथ्याच्या अधिक जवळ आणतात.

महाराष्ट्राने या विषयाचे शिक्षण फार मोठी किंमत देऊन घेतले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपूर्ण असलेले मातीचे धरण फुटले. विमोचकावरील भराव खचत गेला, माथा खाली बसला; लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते थोपवून धरले, आणि तरीही सकाळी धरण गेले. खालचे खडकवासल्याचे धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. ते मोठे धरण होते असे कोणी म्हणेल. तर २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवऱ्याचे धरण फुटले, ते लहानच होते. त्या एका रात्रीत सुमारे वीस माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याचे गावकऱ्यांनी आधीच कळवले होते, असे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. खेकड्यांनी धरण पोखरले, अशीही चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. परंतु खेकडा, घूस आणि उंदीर हे प्राणी आजचे नाहीत. मातीत बीळ करणे हा त्यांचा धर्मच आहे. ते बीळ पावसाळ्यापूर्वी पाहणे आणि बुजवणे हा माणसाचा धर्म आहे.

अडचण येते ती येथेच. धरण बांधताना गाव गोळा होतो, नारळ फुटतो, हजेरीपटावर नावे लागतात. पुढे दहा वर्षांनी तेच धरण कोणाचे, असे विचारले तर एक कार्यालय दुसऱ्याकडे आणि दुसरे तिसऱ्याकडे बोट दाखवते. मोठ्या धरणाला अभियंता असतो, नोंदवही असते, संगणकासारखी साधने असतात. लहान बांधाला यांपैकी काही नसते. त्याच्या वाट्याला केवळ शेजारची माणसे असतात. पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने तलाव बांधले ते शतकानुशतके टिकले, याचे एक कारण असे की, त्या तलावांच्या पाळीची देखरेख हे गावाच्या रोजच्या व्यवहाराचे अंग होते. ज्याचे शेत त्या पाण्यावर, त्याचा हात त्या पाळीवर. हा संबंध तुटला की पाळ एकटी पडते.

आता पुन्हा सुरतेच्या खाड्यांकडे येऊ. बारडोली-पलसाण्याकडील भूमी सपाट, काळी, कालव्याच्या पाण्यावर उसाची पिके घेणारी आहे. डोंगराच्या घळीत थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडते, तसे सपाट प्रदेशात अडत नाही. तेथे उंच बांध घालणे म्हणजे शेजाऱ्याचे शेत बुडवणे. म्हणून तेथे उपायाचे रूप बदलते. गावोगावचे तलाव गाळ काढून खोल ठेवणे, पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांत मोकळी जागा राखणे, पाणी पसरावयाच्या सखल जागा भराव घालून बुजू न देणे, आणि शेताच्या बांधावर पाणी थोडा वेळ थांबू देणे, हे सारे मिळून त्या नळीच्या धरणाचेच काम करतात. तीन तासांत येणारे पाणी बारा तासांत आले तर पांडेसऱ्याच्या उंबऱ्याशी पोहोचणारे पाणी कित्येक इंचांनी उतरेल. उरलेले काम शहराचे आहे. खाडीचे पात्र तिच्या मूळच्या रुंदीचे राहिले पाहिजे आणि त्यात कचरा व बांधकामे यांना जागा मिळता कामा नये. वरच्या गावांनी पाणी थोपवावे आणि खालच्या शहराने त्याची वाट अडवावी, असा हा व्यवहार जुळणार नाही.

शेवटी त्या खानदेशी कामगाराकडेच परत यावयाचे. वैशाखात आखाजी येते. सुरतेहून गाड्या भरभरून माणसे गावी जातात. माहेरवाशिणी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, घराघरांतून पुरणपोळी आणि आमरस होतो. त्याच दिवसांत गावाबाहेरचा पाझर तलाव कोरडा पडलेला असतो. धरणाचे दोष पाहावयास याहून चांगला काळ वर्षात दुसरा नाही. पाणी असते तेव्हा ते दिसत नाहीत. पाऊस आल्यावर दिसले तर वेळ गेलेली असते. अशा एका संध्याकाळी पाच-दहा जणांनी पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावे. कोठे भेग आहे, कोठे बीळ आहे, माथा कोठे खचला आहे, पिचिंगचा दगड कोठे निखळला आहे, सांडव्याच्या तोंडाशी काय उगवले आहे, हे पाहावे. जे हाताने होण्यासारखे असेल ते तेथेच करावे. झुडूप तोडणे व सांडवा मोकळा करणे एवढे तर कोणालाही करता येते. भेग वा खचलेला भराव मात्र स्वतः लिंपून झाकू नये. त्याची लेखी तक्रार ग्रामपंचायतीमार्फत संबंधित खात्याकडे करावी आणि तिची पोच घेऊन ठेवावी.

पांडेसऱ्यातील खोलीत पाणी शिरते तेव्हा ज्याला वाटते की वर कोणीतरी लक्ष द्यावयास हवे होते, तो स्वतः आपल्या गावात कोणाच्या तरी ‘वर’ असतो. त्याच्या गावच्या बांधाखालीही कोणाची तरी झोपडी, कोणाचा तरी गोठा आहे. मृगाचा पाऊस येण्यास आखाजीनंतर थोडेच आठवडे उरतात, आणि सांडवा मोकळा करावयास एक दिवस पुरतो.